पॉलिमायल्जिया रुमॅटिका : किंक्रांतीच्या सकाळी आखडलेले खांदे आणि ‘आता वय झाले’ हे उत्तर

रानजाई (धागाकर्ती)

गेल्या वर्षीच्या संक्रांतीला माझ्या आईने, वय वर्षे ७२, नेहमीप्रमाणे तीळ निवडले, कूट केले, वड्या थापल्या आणि रात्री ती ठणठणीत झोपली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे किंक्रांतीला, तिला अंथरुणातून उठता येईना. दोन्ही खांदे आणि दोन्ही दंड जखडलेले, मांड्या व खुबे जड, कुशीवर वळायलाही कोणीतरी हात द्यावा लागे. अकराच्या सुमारास अंग हळूहळू मोकळे झाले आणि दुपारी तिने स्वतःच वरणाला फोडणी दिली. ‘काल काम फार झाले’ असे सगळे म्हणाले, मीही म्हणाले. मात्र रथसप्तमीपर्यंत घरी हळदीकुंकवाला बायका येत राहिल्या आणि समोरच्या बाईच्या कपाळापर्यंत हात नेण्यासाठी आईला डाव्या हाताने उजवे कोपर उचलून धरावे लागत होते, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

पुढचे दोन महिने आम्ही या दारातून त्या दारात फिरलो. मानेच्या एक्स-रेमध्ये ‘मणक्यात गॅप’ निघाली, जी या वयात बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये निघतेच. मानेला पट्टा आला, ड जीवनसत्त्वाची पावडर आली, शेक आणि मालिश झाले. वेदनाशामक गोळ्यांनी पित्त वाढले, ताठरपणा तसाच राहिला. तिची भूक गेली, साडेचार किलो वजन उतरले, संध्याकाळी कणकण वाटू लागली. एका डॉक्टरांनी अतिशय प्रेमाने सांगितले, ‘आजी, आता वय झाले, थोडे सोसायचे.’ आईने ते मान्यही केले.

अखेर एका संधिवाततज्ज्ञांनी तिला जो पहिला प्रश्न विचारला, तो तोवर कोणीच विचारलेला नव्हता : ‘हे नेमके कधी सुरू झाले?’ आईने क्षणाचाही विचार न करता ‘किंक्रांतीला’ असे सांगितले. त्यावर ते म्हणाले की झिजेच्या दुखण्याची अशी तारीख रुग्णाला सहसा सांगता येत नाही. शरीरातील दाह दाखवणाऱ्या दोन रक्तचाचण्या बऱ्याच वाढलेल्या निघाल्या : ईएसआर ८४ आणि सीआरपी ४६. आमवाताच्या दोन्ही चाचण्या, म्हणजे आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, नकारार्थी आल्या. स्नायूंच्या इजेची खूण असणारे सीपीके, थायरॉइड आणि कॅल्शियम अगदी व्यवस्थित होते. निदान झाले पॉलिमायल्जिया रुमॅटिका.

नावाचा अर्थ ‘अनेक स्नायूंतील वेदना’ असा असला तरी ते नाव काहीसे फसवे आहे. मला समजले ते असे, की या आजारात स्नायू स्वतः निर्दोष असतात. स्नायूचा तुकडा काढून तपासला तरी त्यात दाह सापडत नाही. दाह असतो तो खांद्याच्या आणि खुब्याच्या सांध्यांच्या अस्तरात, आसपासच्या कंडरांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) आवरणांत आणि हाडे-कंडरा एकमेकांवर घासू नयेत म्हणून असलेल्या द्रवाच्या लहान पिशव्यांत. आईच्या सोनोग्राफीत दोन्ही खांद्यांच्या या पिशव्यांत पाणी साठलेले स्पष्ट दिसले. दुखणे मात्र दंडात आणि मांडीत जाणवते, म्हणून सगळे स्नायूंवर संशय घेतात. सकाळीच जखडण्याचे कारणही आम्ही विचारले. शरीरात दाह पेटवणाऱ्या इंटरल्यूकिन-६ या घटकाचे प्रमाण उत्तररात्री आणि पहाटे वाढते व दिवस चढेल तसे उतरते, असे त्यांनी समजावले.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज सकाळी १५ मिलिग्रॅम सुरू झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बाहेर आले तेव्हा आई स्वतःची वेणी घालत बसली होती. मी इतकी हरखले की आता आजार संपला असे धरून चालले आणि तिथेच माझी मोठी चूक झाली. सहा आठवड्यांनी, डॉक्टरांना न विचारता, ‘स्टेरॉइड जितके लवकर सुटेल तितके बरे’ या विचाराने मी गोळी निम्मी केली. आठ दिवसांत आई पुन्हा अंथरुणाला खिळली. डोस पूर्वीच्या पातळीवर न्यावा लागला आणि सगळे दिवस पहिल्यापासून मोजावे लागले.

ज्यांच्या घरी हा आजार आहे किंवा होता, त्यांनी आपले अनुभव लिहावेत. गोळी कमी करतानाच्या काळाबद्दल मला विशेष जाणून घ्यायचे आहे.

---

जुना_वैद्यक

चांगला धागा. मी फिजिशियन म्हणून जवळजवळ चाळीस वर्षे काम केले आणि हे निदान माझ्या हातूनही सुरुवातीच्या काळात निश्चितच हुकले असणार, हे आधीच कबूल करतो. आपल्याकडे हा आजार उत्तर युरोपच्या मानाने कमी दिसतो, त्यामुळे तो डॉक्टरांच्या मनात लवकर येत नाही.

पन्नाशीच्या आत तो होत नाही असेच धरून चालावे. सत्तरीच्या आसपास प्रमाण सर्वाधिक असते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो दुपटी-तिपटीने अधिक होतो. २०१२ मध्ये युरोपीय आणि अमेरिकी संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून वर्गीकरणाचे निकष ठरवले. वय ५० किंवा अधिक, दोन्ही खांद्यांत दुखणे आणि ईएसआर किंवा सीआरपी वाढलेला, या तीन गोष्टी आधी हव्यातच. त्यानंतर सकाळचा ताठरपणा ४५ मिनिटांहून अधिक टिकतो का, खुब्यात दुखते का किंवा त्याची हालचाल कमी झाली आहे का, आमवाताच्या चाचण्या नकारार्थी आहेत का आणि इतर सांधे सुटलेले आहेत का, याला गुण दिले जातात. सोनोग्राफी केली असल्यास तिचेही गुण मिळतात. हे निकष मुळात संशोधनासाठी केलेले आहेत, तेव्हा घरी बसून गुणांची बेरीज करून निदान करू नये.

रानजाई यांच्या लेखनात एक गोष्ट अध्याहृत राहिली, ती ठळकपणे लिहितो. स्टेरॉइडने झपाट्याने आराम पडला म्हणजे निदान सिद्ध झाले, असा समज डॉक्टरांमध्येही आहे आणि तो घातक आहे. स्टेरॉइडने आराम आमवातात पडतो, लपलेल्या कर्करोगाच्या अंगदुखीतही काही काळ पडतो, आणि आत क्षयाचा जंतू असेल तर रुग्णाला बरे वाटत असतानाच तो जंतू डोके वर काढतो. म्हणून गोळी सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, साखर, हिमोग्लोबिन, मूत्रपिंड व यकृताच्या चाचण्या, थायरॉइड, सीपीके, कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फेटेज, ड जीवनसत्त्व आणि मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी रक्तातील प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस एवढे तरी पाहिलेले असावे.

आपल्याकडे गोंधळ होतो तो मुख्यतः ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेशी. त्यातही मांड्या दुखतात आणि जमिनीवरून उठता येत नाही, पण ते दुखणे महिनोन्‌महिने मुरत आलेले असते आणि सीआरपी वाढत नाही. कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्यांनी अंग दुखते, हेही विचारून घ्यावे. मधुमेह्यांचा गोठलेला खांदा बहुधा आधी एकाच बाजूचा असतो. चिकुनगुनियानंतरचे दुखणे तापाच्या आठवणीसह येते आणि हाताची बोटे, मनगटे, घोटे यांना अधिक धरते.

---

त्रिफळा

एवढ्या वयाच्या बाईला वर्ष-दोन वर्षे स्टेरॉइड देणे मला पटत नाही. आपल्या शास्त्रात आमवाताचे इतके सविस्तर विवेचन असताना थेट स्टेरॉइडकडे कशाला जायचे? माझ्या काकूंना अगदी असाच त्रास होता. एका वैदूच्या पुड्यांनी त्यांना चार दिवसांत गुण आला आणि ‘दुष्परिणाम शून्य’ असे त्याने स्वतः सांगितले होते.

---

जुना_वैद्यक

आयुर्वेदाशी माझे भांडण नाही आणि नोंदणीकृत वैद्यांशी तर मुळीच नाही. परंतु सांधे आखडलेला रुग्ण बिनलेबलच्या पुडीने चार दिवसांत चालू लागला, तर त्या पुडीत काय असावे याचा अंदाज आपण करू शकाल. अशा पुड्यांच्या तपासणीत स्टेरॉइड सापडल्याचे प्रकार आपल्या देशात वारंवार नोंदले गेले आहेत. म्हणजे काकूंनी स्टेरॉइड घेतलेच असण्याची शक्यता मोठी आहे. फरक इतकाच की किती मिलिग्रॅम ते कोणाला ठाऊक नाही, साखर कोणी तपासली नाही आणि पुडी संपल्यावर काय होईल हे कोणी सांगितले नाही.

काही आठवड्यांहून अधिक काळ बाहेरून स्टेरॉइड मिळाले की मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचे नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणे मंद करतात. अशा वेळी गोळी किंवा पुडी एकाएकी थांबली तर गळून जाणे, उलट्या, रक्तदाब कोसळणे असे प्रकार घडतात आणि प्रसंगी ते जिवावर बेततात. काकूंनी पुड्या अजून चालू ठेवल्या असतील तर त्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत, पुडी सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवावी. आपल्या प्रश्नातला खरा भाग मात्र मला मान्य आहे : डोस कमीत कमी हवा आणि काळही कमीत कमी हवा.

---

उत्तरसमुद्र

मी लीड्सला राहते. १९६० च्या दशकात साताऱ्याहून इथे आलेल्या माझ्या सासऱ्यांना ७६ व्या वर्षी हा आजार झाला. इथल्या फॅमिली डॉक्टरांना तो अगदी परिचयाचा आहे, कारण ब्रिटन, नॉर्वे, स्वीडन या पट्ट्यात त्याचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. त्याचे पहिले वर्णनही स्कॉटलंडमधलेच. स्ट्रॅथपेफर या गंधकयुक्त झऱ्यांच्या गावी उपचार करणाऱ्या विल्यम ब्रूस या डॉक्टरांनी १८८८ मध्ये अशा पाच वृद्ध रुग्णांबद्दल लिहिले होते. आजचे नाव स्टुअर्ट बार्बर यांनी १९५७ मध्ये रूढ केले. त्या मधल्या सत्तर वर्षांत किती म्हाताऱ्यांना ‘सोसा’ असे सांगितले गेले असेल, असा विचार मनात येतो.

सासऱ्यांच्या बाबतीत सर्वांत अवघड काळ १० मिलिग्रॅमच्या खालचा होता. दर चार आठवड्यांनी एक मिलिग्रॅम कमी होई आणि प्रत्येक वेळी तीन-चार दिवस अंग जड वाटे. ते दुखणे आजार उलटल्याचे की केवळ डोस कमी झाल्याचे, हे ठरवण्यासाठी आमची नर्स म्हणे की आठवडाभर थांबा, सकाळचा ताठरपणा घड्याळ लावून मोजा आणि मग बोलू. त्यांनी एका वहीत रोज लिहून ठेवले : ‘२० मिनिटे’, ‘२५ मिनिटे’, ‘शर्ट स्वतः घातला’. ती वही सीआरपीइतकीच उपयोगी पडली. एकदा ५ मिलिग्रॅमवर आणि एकदा ३ वर आजार उलटला. दोन्ही वेळा आधीच्या डोसवर परत जाऊन पुन्हा उतरावे लागले. एकूण पावणेतीन वर्षे लागली.

स्टेरॉइड घेणाऱ्यांना इथे एक निळे कार्ड खिशात ठेवायला देतात, म्हणजे अपघातात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांना ते कळते. भारतात आल्यावर त्यांनी ते पाकिटात पैशांच्याही पुढे ठेवले होते.

---

गोदातीर

मी फारसा लिहिता नाही, परंतु हा धागा वाचून न लिहिणे मला चुकीचे वाटले.

माझ्या मोठ्या काकांना पॉलिमायल्जियाचे निदान वेळेवर झाले होते आणि ते दिवसाला १० मिलिग्रॅमवर उत्तम चालत-फिरत होते. आठ महिन्यांनी त्यांना उजव्या कानशिलावर दुखू लागले. पूर्वी त्यांना डोकेदुखी कधी माहीत नव्हती. चष्म्याची दांडी टेकली की कळ येई आणि उशीवर त्या बाजूने डोके ठेवता येत नसे. भाकरी चावताना जबडा भरून येई आणि थांबले की बरे वाटे, म्हणून आम्ही त्यांना दोनदा दातांच्या डॉक्टरांकडे नेले. एकदा काही मिनिटे डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखे झाले आणि पुन्हा दिसू लागले, ते त्यांनी आम्हाला सांगितलेसुद्धा नाही. त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी उजव्या डोळ्याने काहीच दिसेना. ती दृष्टी परत आली नाही. शिरेतून मोठ्या मात्रेचे स्टेरॉइड दिल्यामुळे डावा डोळा वाचला.

त्या आजाराचे नाव जायंट सेल आर्टेरायटिस. तो रक्तवाहिन्यांचा दाह आहे आणि पॉलिमायल्जियाचा सख्खा भाऊ म्हणावा इतका जवळचा. आम्हाला पहिल्याच दिवशी हे कोणी सांगितले असते तर आम्ही दंतवैद्याकडे गेलो नसतो.

---

जुना_वैद्यक

गोदातीर, आपण लिहिलेत हे फार बरे केलेत. पॉलिमायल्जियाच्या दर पाच-सहा रुग्णांपैकी साधारण एकात हा दुसरा आजार केव्हातरी प्रकटतो, आणि पॉलिमायल्जियासाठी चालू असलेला लहान डोस डोळ्यांना संरक्षण देत नाही. नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणे, चावताना जबडा दुखून थांबावे लागणे, क्षणभर दिसेनासे होणे किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. त्यावरचा डोस साधारणपणे ४० ते ६० मिलिग्रॅम असतो, म्हणजे पॉलिमायल्जियाच्या तिप्पट-चौपट. कानशिलावरच्या धमनीची सोनोग्राफी किंवा तुकड्याची तपासणी करायची असते, परंतु भक्कम संशय असेल तर तिच्या अहवालाची वाट पाहत गोळी रोखून धरू नये. दृष्टी एकदा गेली की सहसा परत येत नाही.

---

सरळ_पाठ

मी फिजिओथेरपिस्ट आहे. या रुग्णांना गोठलेल्या खांद्यासारखे ओढून-ताणून व्यायाम दिलेले मी पाहिले आहेत, ते करू नयेत. सकाळी जखडलेल्या अवस्थेत तर मुळीच नको. कोमट पाण्याने अंघोळ, मग हलक्या हालचाली आणि खरा व्यायाम दुपारनंतर, असा क्रम ठेवावा. आजार आटोक्यात आल्यावर मात्र चालणे आणि मांड्यांना बळ देणारे व्यायाम टाळू नयेत, कारण स्टेरॉइडने मांड्यांचे स्नायू खरोखर अशक्त होऊ शकतात आणि तेव्हा ‘आजार उलटला’ असा चुकीचा समज होऊन डोस वाढवला जातो. हात उचलताना दुखते म्हणून तो वर जात नाही की दुखत नसतानाही त्यात बळ नाही, एवढा फरक घरच्यांनी पाहिला तरी डॉक्टरांना मोठी मदत होते.

---

रानजाई (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. गोदातीर यांचा प्रतिसाद मी आईला मोठ्याने वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग आपणहून म्हणाली, ‘डोकं दुखलं तर लपवणार नाही.’

स्टेरॉइडच्या परिणामांबद्दल आमच्या अनुभवातले तीन मुद्दे नोंदवते.

आईला पूर्वी मधुमेह नव्हता. आम्ही महिनाभर फक्त उपाशीपोटीची साखर तपासत होतो आणि ती १०० च्या आत येत असल्याने निश्चिंत होतो. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने साखर वाढते ती दुपारी आणि संध्याकाळी. पहाटेपर्यंत ती पुन्हा खाली आलेली असते. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासल्यावर २३४ निघाली.

हाडांसाठी तिला आठवड्यातून एकदा अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी आहे. ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि त्यानंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, कारण गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम होते. आई ती चहाबरोबर घेऊन पुन्हा कलंडत असे, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळले. त्या औषधाआधी दात तपासून घेण्याचा सल्ला मिळाला होता आणि एक किडलेली दाढ आधीच काढली, ते योग्य झाले.

तिसरी गोष्ट झोपेची आणि स्वभावाची. सुरुवातीच्या महिन्यात आई पहाटे तीनला उठून डबे घासत असे आणि एरवी कोणाला एक वाकडा शब्द न बोलणारी ही बाई दूधवाल्याला रागावू लागली होती. डोस उतरला तसे ते ओसरले.

---

पाणपोई

माझ्या वडिलांचे वय ६८ आहे. दोन महिने उजवा खांदा दुखतो, डावा ठीक आहे, मधुमेह आहे, ईएसआर ३०. हा तोच आजार असू शकेल का? आणि स्टेरॉइडला पर्याय आहे का?

---

जुना_वैद्यक

एकच खांदा, मधुमेह आणि त्या वयाला फारसा न वाढलेला ईएसआर, हे चित्र पॉलिमायल्जियाचे वाटत नाही. खांद्याची हालचाल तपासून घ्या. इथल्या शब्दांवरून याहून पुढे जाणे योग्य होणार नाही.

पर्यायाबद्दल सांगायचे तर पहिले औषध अजूनही स्टेरॉइडच आहे. २०१५ च्या शिफारशींनुसार सुरुवातीचा डोस दिवसाला साडेबारा ते २५ मिलिग्रॅमच्या दरम्यान असतो, चार ते आठ आठवड्यांत तो १० वर आणतात आणि पुढे महिन्याला एक मिलिग्रॅम या गतीने उतरवतात. आजार वारंवार उलटत असेल किंवा मधुमेह, ठिसूळ हाडे, काचबिंदू अशी अडचण असेल तर मेथोट्रेक्सेट हे रोगप्रतिकारशक्ती शमवणारे औषध जोडले जाते. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने प्राण गेल्याची उदाहरणे आहेत, म्हणून घरात एकाच व्यक्तीने ती मोजून द्यावी. इंटरल्यूकिन-६ ला अडवणारे सॅरिल्युमॅब हे इंजेक्शन, स्टेरॉइड पुरेसे लागू पडत नाही किंवा कमी करता येत नाही अशा रुग्णांसाठी, अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाले. मात्र ते महाग असते आणि त्याआधी क्षयाची तपासणी करावीच लागते.

---

रानजाई (धागाकर्ती)

उत्तरसमुद्र यांच्या वहीची कल्पना आम्ही उचलली. आमच्या गावातल्या दुकानात एक मिलिग्रॅमची गोळी मिळाली नाही, तेव्हा डॉक्टरांनी एक दिवस १० आणि दुसऱ्या दिवशी साडेसात अशी आलटून-पालटून पद्धत लिहून दिली. कोणत्या दिवशी कोणती गोळी हे आई कालनिर्णयाच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिते, त्याच चौकटीत जिथे ती पूर्वी दुधाचा हिशेब लिहीत असे. काल तिथे ‘७॥’ च्या शेजारी ‘ताठर १५ मि.’ असे लिहिलेले होते आणि त्याखाली, मी न विचारता, ‘डोके नाही’.

पुढची सीआरपी महिनाअखेरीस आहे. आकडा आला की इथे लिहीन.